अधिकात मॉरिशस

"अवो बाई, ऊन पाह्याले कोणी परदेशात जाते काय?"

शेजारच्या वहिनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून असं काही विचारू लागल्या, की मी आधी आत जाऊन गॅस बंद करून येते. डिसेंबरातली सकाळ होती. भाऊजी शेतात वेचणीला निघायच्या घाईत डबा मागत होते आणि वहिनींना डब्यापेक्षा लंडनची काळजी जास्त होती. लेक तिथं असते. रात्री फोनवर तिनं जाहीर केलं, की आई, इथं अंधारानं जीव विटला. पुढच्या वर्षी कुठंतरी मस्त उन्हात, समुद्रावर आठवडाभर राहू. तुम्ही यवतमाळहून या, आम्ही इकडून येतो.

"दुपारी चार वाजता दिवे लावतो म्हणते ते. खरं काय?"

खरंच आहे. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही भरत नाही, चारच्या आत सूर्य बुडतो. तिथल्या माणसाला उन्हाचं अप्रूप असणारच. आपल्याला मात्र फुकटात मिळतं आणि मे महिन्यात तर नको म्हटलं तरी गळ्यात पडतं.

"मंग त्यांले म्हणा, मे महिन्यात यवतमाळले या. पाहिजे तेवढं घेऊन जा," आतून भाऊजी.

मी भूगोल शिकवत होते, म्हणून वहिनी मला 'बाई' म्हणतात आणि असले प्रश्न माझ्याच भिंतीवर आणून ठेवतात. मीही मग नव्या वर्षाचं कालनिर्णय घेऊन आले. २०२६ चं.

"पहिली गोष्ट, कोपऱ्यावरच्यांसारखं करू नका," मी आवाज खाली घेतला.

वहिनींचे डोळे चमकले. कोपऱ्यावरचे गेल्या मे महिन्यात दुबईला गेले होते. हॉटेल निम्म्या भावात मिळालं म्हणून इथं गल्लीभर सांगत फिरले. अहो, ते निम्म्या भावात का मिळतं हे विचारायचं ना! इथं पारा चव्वेचाळीसवर, तिथंही चाळिशीपार. वर तिथली हवा समुद्राची, दमट. आपल्याकडे हवा कोरडी असते म्हणून पाण्याचा कूलर तरी काम करतो. तिथं कूलरचं काही चालत नाही, एसीशिवाय इलाज नाही. उन्हाळा वाढला की समुद्राचं पाणीसुद्धा तीस अंशांच्या वर जातं, म्हणजे डुबकी मारली तरी गारवा नाहीच.

"मंग काय केलं त्यांनी आठ दिवस?"

"मॉल पाहिले."

"थे अमरावतीतही होते."

अन्याय नको म्हणून हेही सांगितलं, की त्यांच्या पोरांना मजा आली. मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये २००५ पासून खऱ्या बर्फाची घसरगुंडी आहे. बाहेर भट्टी आणि आत बर्फ. पोरं अजून त्याचंच सांगतात. पण दुबईत उघड्यावर फिरायचं, वाळवंटात जायचं, तर नोव्हेंबर ते मार्च. नागपूरहून शारजाला थेट विमान आहे, म्हणून आपल्या लोकांना दुबई जवळची वाटते. महिना कोणी पाहत नाही.

"आमच्या जाऊबाई त फुकेतले चालल्या होत्या मे महिन्यात."

"आणि पावसात भिजल्या."

"तुमाले कसं माहीत?"

यात जोतिष काही नाही. मृगाकडे आपण इकडे डोळे लावून बसतो ना, तोच मोसमी पाऊस आधी तिकडे पोचतो. थायलंडला मेच्या मध्यावर, मग अंदमान, केरळला जूनच्या सुरुवातीला आणि आपल्या विदर्भात जूनच्या मध्याच्या आसपास. मे अखेरीस फुकेतला जाणं म्हणजे जो पाऊस पंधरा-वीस दिवसांनी फुकट घरी येणार आहे, त्याला तिकीट काढून सामोरं जाणं. तिथं जायचं ते नोव्हेंबर ते एप्रिल. त्याच देशाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर सामुई बेट आहे, तिथं उलटं. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडून वारे येतात आणि तेव्हा ते बेट धो धो भिजतं. श्रीलंकेतही असंच. गॉलकडचा किनारा डिसेंबर ते मार्च चांगला, त्रिंकोमालीकडचा मे ते सप्टेंबर. लोक विचारतात, थायलंडला कधी जावं, श्रीलंकेला कधी जावं. देशाच्या नावानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच नसतं. किनारा कोणता आणि त्या महिन्यात वारा कुठून येतो, ते आधी सांगा.

भाऊजी डबा घेऊन निघाले होते ते थबकले. वाऱ्याचं त्यांना पटलं. नक्षत्रावर पेरणी करणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

मग खरी पंचाईत सुरू झाली, कारण ऊन तिकडचं असलं तरी सुटी दोन्हीकडची जुळायला हवी. लेकीच्या मुलाची शाळा लंडनची. तिथं ऑक्टोबर अखेरीस, फेब्रुवारीच्या मध्यात आणि मे अखेरीस असा एकेक आठवडा सुटी, शिवाय नाताळ, ईस्टर आणि ऑगस्टची मोठी सुटी.

"दिवाळीत जमवा," वहिनी म्हणाल्या.

२०२५ मध्ये जमलं असतं. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आलाय, त्यामुळे दिवाळी सरकून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. लंडनच्या पोराची सुटी तोवर संपलेली. (फुकेतला जाणाऱ्यांनी मात्र अधिकमासाचं वर्षच धरावं. दिवाळी जितकी उशिरा, तितका तिथला पाऊस मागं पडतो.) आणि दिवाळीत भाऊजी घराबाहेर? बोंडं फुटलेली, मजूर दुसऱ्याच्या वावरात, आभाळ भरून आलेलं. ते तर घरच्या फराळालाही धड बसत नाहीत.

नाताळात सगळ्या जगालाच ऊन हवं असतं, तेव्हा खोल्यांचे भाव विचारूच नयेत. फेब्रुवारीचा आठवडा हवेच्या दृष्टीनं अव्वल. फुकेत, मालदीव, गॉल, सगळीकडे निरभ्र आकाश आणि शांत समुद्र. मी त्यावर बोट ठेवलं न ठेवलं, तोच वहिनी म्हणाल्या, "पोट्ट्याची बारावी हाय वो." म्हणजे इथला नातू. परीक्षा १० फेब्रुवारीपासून. त्याला सोडून आजी मालदीवला गेली, तर पुढची दहा वर्षं गल्ली तिला सोडणार नाही, आणि त्या गल्लीत सगळ्यात पुढे मी असेन. एप्रिलमध्ये इथं शाळांच्या परीक्षा. ऑगस्टमध्ये डवरणी, खुरपणी, मग पोळा, महालक्ष्म्या. पुढे नवरात्र. यवतमाळचा दुर्गोत्सव सोडून दुसरीकडे जायचं, असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

"म्हणजे जाऊच नये," वहिनींनी निकाल दिला.

राहिला मेचा शेवटचा आठवडा. लंडनच्या शाळेची सुटी २५ ते २९ मे. कालनिर्णयात पाहिलं, तर २५ तारखेलाच आपल्याकडे रोहिणी, म्हणजे नवतपा सुरू. बारावी संपलेली. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे पुण्यामुंबईचे लोक दप्तरं भरत असतात तेव्हाही आपली पोरं मोकळीच. वावर नांगरून तयार, पेरणीला अवकाश. खत-बियाण्यांची धावपळ तेवढी भाऊजींनी आधी उरकायची. आणि लग्न? १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, एकही मुहूर्त नाही. कोणाकडे अक्षदा टाकायला जायचं राहिलं म्हणून रुसवा नाही.

"पण मे महिन्यात तं पाऊस म्हणलं ना तुमी?"

विषुववृत्ताच्या वर. खाली गेलं की गणित फिरतं. आपल्या माघात त्यांचा पावसाळा असतो आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांची कोरडी थंडी सुरू होते. बाली एप्रिल ते ऑक्टोबर छान. (बालीत शक आपलाच चालतो बरं का. २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला, त्याच दिवशी त्यांचंही नवं वर्ष, शके १९४८. फक्त ते गुढी उभारत नाहीत. दिवसभर चूल नाही, दिवा नाही, कोणी रस्त्यावर येत नाही, विमानतळसुद्धा बंद. पर्यटकांनी हॉटेलात गप बसायचं. त्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्यानं पंचांग पाहिलेलं बरं.) पण लंडनहून बाली फार लांब, थेट विमानही नाही.

मॉरिशस मात्र दोघांनाही बरं. मुंबईहून सहा-एक तास, लंडनहून बारा, दोन्हीकडून थेट. मे अखेरीस दिवसा पंचवीस-सव्वीस अंश, चक्रीवादळांचे महिने मागं पडलेले. जानेवारीत जाऊ नये. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळानं पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत नेल्या होत्या. एक मात्र लेकीला सांगा, हॉटेल पश्चिमेच्या नाहीतर उत्तरेच्या किनाऱ्यावर घ्या. त्या दिवसांत आग्नेयेचा वारा पूर्व किनाऱ्यावर सारखा आदळतो. फोटोत तो किनारा फार देखणा दिसतो, पण केस आवरता आवरत नाहीत. सूर्य पावणेसहाच्या आधीच मावळतो, तेव्हा दुपारी झोपायचं नाही.

"तिथं आपलं कोणी भेटन का?"

"मराठीच भेटतील. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज. तिथं गणेश चतुर्थीची सरकारी सुटी असते, शाळेत मराठी शिकवतात."

"व्हिसा?"

"आधी काढावा लागत नाही. पासपोर्ट तेवढा नीट हवा. मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक असावी आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. तुमच्या आधारवर सासरचं नाव आहे आणि पासपोर्टवर?"

वहिनींनी फाटकाकडे पाहिलं. भाऊजींनी गाडीला किक मारली.

पण वहिनींचा जीव आता वेगळ्याच गोष्टीत गुंतला होता. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "म्हणजे बाई, अधिकातच लेक-जावई भेटून राह्यले."

"हो."

"मंग जावयाले वाण तिथंच द्यावं लागन. चांदीचं ताट नेता येईन पेटीत. पण तेहतीस अनारसे विमानात चालते काय वो?"

"विमानात चालतील. तिथं उतरल्यावर काय म्हणतात ते विचारून ठेवा. आणि आधी नागपूरला पासपोर्टची तारीख घ्या."

"तारीख घेतोच. पण तांदूळ तीन दिवस आधी भिजत घालावं लागते, म्हणजे विमान कोणत्या वारी हाय ते मले आजच पाह्यजे."