विणता येईना, सुई वाकडी

आमच्या सारोळ्यात नीरेवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा लागतो. पाणी तेच, ऊस तोच, तलाठी मात्र वेगळा. लोकरीच्या सुयांचंही असंच असतं, हे मला वहिनींच्या टोपीमुळे कळलं.

पुतण्या अमेरिकेत, तिथे गुडघाभर बर्फ. सुनबाईंनी फोनवर टोपीचा नमुना धाडला: पट्टीला 6 नंबरची सुई, वरच्या भागाला 8 नंबरची. वहिनींनी आपल्या जुन्या सुया काढल्या, नंबर ताडून पाहिले आणि टोपी उभी केली. मापाला डोकं माझं, कारण आमच्या घराण्यात डोकी सगळी एका मापाची, आणि दुपारी रिकामं असलेलं तेवढं एकच.

पट्टी कानांवर भलतीच सैल! वरचा भाग मात्र टाळूला असा आवळलेला, की भुवया आपोआप वर.

"भाऊजी, तुमचं डोकंच उलटं आहे," वहिनी म्हणाल्या.

शिरवळची आत्या चहा पीत बसली होती. "विणता येईना, सुई वाकडी!" ती म्हणाली. वहिनींनी तिला दुसरा कप विचारला नाही.

पण या खटल्यात आरोपी खरोखरच सुई होती. आपल्याकडे सुयांचे नंबर चालतात ते जुन्या इंग्रजी पद्धतीचे. ते तारेच्या मापावरून आलेले, म्हणून नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड. तिकडची 6 म्हणजे 4 मिलिमीटर, आपली 6 म्हणजे 5. तिकडची 8 म्हणजे 5 मिलिमीटर, आपली 8 म्हणजे 4. थोडक्यात, जी सुई पट्टीला हवी होती ती डोक्यावर चढली आणि डोक्यावरची पट्टीत उतरली. वहिनींचा हात निर्दोष सुटला.

मग टोपी नव्याने, गोल फेरात विणायची ठरली आणि मला पुण्याला पिटाळण्यात आलं. मी गोल सुई आणली, मापाची पण 80 सेंटिमीटर लांब. दुकानदार म्हणाला, "लांब असलेली बरी." टोपीचा घेर पन्नासच्या आसपास, टाके ताणून ताणून एकमेकांना भेटेनात. यावर उपाय दोन: चाळीस सेंटिमीटरची सुई घ्या, नाहीतर मधली लवचीक वायर टाक्यांच्या मधोमध बाहेर ओढून तिचा फास ठेवा. वहिनींनी फास काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

पुढचा पेच गणिताचा. दोन सुलट, दोन उलट अशी वीण फेरात घालायची, तर टाके चारने भागले गेले पाहिजेत. वहिनींनी घातले 90. फेर संपला तिथे दोन सुलटांना दोन सुलट भिडले आणि रांग बिघडली. 88 केले, तंटा मिटला. ही वीण पट्टीला घेतात, कारण सुलट टाके पुढे येतात, उलट मागे जातात, कापड आपोआप चुणतं आणि डोक्याप्रमाणे ताणतं. मात्र पहिले टाके घट्ट पडले तर सगळी लवचीकता वाया. म्हणून ते एक माप जाड सुईवर घालावेत. आणि पहिला फेर जोडताना टाक्यांची खालची कड सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना, ते बोटाने चाचपावं. तिथे पीळ पडला तर पुढे उसवण्यावाचून इलाज नाही. निसटलेल्या टाक्याचं एवढं मनावर घेऊ नये. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर उचलला की तो मुकाट घरी येतो.

टोपी आता बसते. लोकर लुधियानाची आहे. दिवाळीनंतर आमच्या भागातून कोकणाकडे जाणाऱ्या मेंढरांची लोकर घोंगडीला नामी, पण कपाळाला लावली तर माणूस दिवसभर खाजवत बसेल.

तेव्हा नमुना कुणीही धाडो, सुनेने नाहीतर साक्षात विहीणबाईंनी, आधी एकच विचारा: मिलिमीटर किती? नंबर देशागणिक बदलतो, मिलिमीटर बदलत नाही.