तीन राज्यांतले दाजी

कॉम्प्युटर बिघडला की घरातल्या कॉम्प्युटरवाल्या माणसाला फोन करायचा नसतो, हे तुम्हीही एव्हाना शिकला असाल. दुरुस्ती राहते बाजूला आणि आपलीच उलटतपासणी सुरू होते. आमच्या घराण्यात हे खातं दाजींकडे आहे. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, भालकी तालुक्यातल्या एका हायस्कूलातून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. बहिणीचा नवरा पडल्यामुळे त्यांना तोंडावर काही बोलायची सोय नाही, आणि हे त्यांना चांगलंच ठाऊक आहे. मागं माझ्या कॉम्प्युटरचा पडदा अचानक निळाभोर झाला. मी कलबुर्गीहून फोन लावला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पलीकडून एकच प्रश्न, "बॅकअप हाय का?"

नाही म्हटलं.

"मग मला कामून फोन करायलाव? भटजीला करा की!"

हा प्रश्न त्यांनी कॉम्प्युटरपुरता ठेवला असता तर माझी तक्रार नव्हती. पण दाजी तो कुठंही विचारतात. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे वावरात जमलेले, कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा झालेली, भज्जी आणि उंडे पानात पडलेले. अशा वेळी आक्कानं आंबिलीचं मडकं उचललं तर हे म्हणतात, "दुसरं मडकं हाय का? का एकाच्याच भरवशावर आलाव?" आक्कानं उत्तर न देता कोपीमागं झाकून ठेवलेलं दुसरं मडकं दाखवलं. त्या दिवशी दाजींनी बायकोकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं लग्नातही पाहिलं नव्हतं. पुढं वर्षभर ते सांगत होते की घरात विरजणाची वाटी वेगळी काढून ठेवणारी बाई ही कुठल्याही इंजिनिअरच्या वर असते.

बीदरला पाहुणे घेऊन गेलो होतो. महमूद गवानचा मदरसा दाखवला. १४७२ची इमारत, इराणी धाटणीची, निळ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला चिकटलेले. मी पाहुण्यांना सांगत होतो की इथल्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते म्हणतात; पुढं औरंगजेबाच्या काळात दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि एक मिनार, दर्शनी भागाचा मोठा तुकडा, सगळं उडालं. पाहुणे हळहळले. दाजी हळहळले नाहीत, चिडले. "तीन हजार पुस्तकं, अन् सगळी एकाच जागी? एवढा शहाणा वजीर. एक कॉपी गुलबर्ग्याला ठेवायला काय झालं होतं?" आणि त्या ढासळलेल्या बाजूकडे ते अशा रागानं बघत राहिले, जणू गवानसाहेब वर्गात गृहपाठ न करता आले होते.

बाकी कॉम्प्युटरबद्दलची त्यांची मतं साधारण अशा माणसांची असतात तशीच, म्हणजे जोरदार. डेस्कटॉपवर उगाच राइट क्लिक करून रिफ्रेश मारणाऱ्याला ते घरात पाणी विचारत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर परत पाठवतात, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा, त्यांनी तुमच्या आईचं नाक दाबून बारीक केलंय." विंडोज म्हणजे त्यांच्या मते भाड्याचं घर, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारा. तरीही ८ एप्रिल २०१४ला विंडोज एक्सपीचा आधार कंपनीनं काढून घेतला, त्या दिवशी दाजींनी दाढी केली नाही. शत्रू असला तरी जुना होता.

त्यांचा स्वतःचा पक्ष लिनक्सचा. एके काळी उबंटू या लिनक्सच्या अवताराचे लोक सीडी फुकट पाठवायचे, टपालखर्चसुद्धा त्यांचाच. परदेशी शिक्क्यांची पाकिटं मास्तरांच्या घरी यायला लागली तेव्हा पोस्टमननं गावात हळूच चौकशी केली होती म्हणतात. दाजी त्या सीडी लग्नात आहेर म्हणून द्यायचे. भांड्यांच्या ढिगात एक चपटं पाकीट, त्यावर हळदीकुंकू. २०११ला ही फुकट सेवा बंद झाली, तोवर पंचक्रोशीतल्या कितीतरी संसारांची सुरुवात उबंटूनं झाली होती. एकाही घरी कॉम्प्युटर नव्हता. पुढं ज्वारी दाण्यावर आली की त्या सीडी वावरात दोरीला टांगलेल्या दिसायला लागल्या. उन्हात चमकतात, पाखरं फिरकत नाहीत. मला वाटलं दाजी खचतील. ते बांधावर उभं राहून म्हणाले, "चला, निदान एक कॉपी गावाबाहेर हाय."

आमच्या भागात लग्नपत्रिका कित्येकदा दोन भाषांत छापावी लागते. डीटीपीवाल्याकडे मराठीसाठी श्री-लिपी, कन्नडसाठी नुडी. हे जुने फॉन्ट मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवायचे. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही, तिथं "चि. सौ. कां." उघडलं की कंस, टिंबं आणि प्रश्नचिन्हं यांची जत्रा दिसते. यावर दाजींचं प्रवचन तासाभराचं आहे आणि त्याचा शेवट युनिकोडमध्ये होतो. एरवी ते मी ऐकून घेतो. पण चुलतभावाच्या मुलीची सोयरीक कन्नड घरात जमत होती, बैठक ऐन रंगात आली होती, आणि दाजी व्याह्यांकडे वळून एकदम म्हणाले, "तुमच्या-आमच्यात फरक फक्त ८९६चा हाय."

बैठक गार. व्याह्यांना वाटलं देण्याघेण्याचा आकडा आहे. चुलतभावाला वाटलं पत्रिकेत काही निघालं. दाजींनी खिशातून पेन काढलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर असतो. मराठी अ २३०९, कन्नड अ ३२०५. मराठी क २३२५, कन्नड क ३२२१. वजा करून बघा. आपल्याकडच्या लिप्यांसाठी सरकारी इस्की नावाचं मानक होतं, त्याच साच्यावर युनिकोडनं दोन्ही तक्ते बसवले, म्हणून अक्षरं समोरासमोर येतात. "आता ळ बघा. आमचा २३५५, तुमचा ३२५१." व्याही बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी खरंच वजाबाकी केली आणि बरोबर आली म्हणून खूश झाले. सोयरीक जमली. श्रेय अर्थात चुलतभावानं मुलीच्या रंगाला दिलं.

सीमाप्रश्नावर मात्र दाजी सभेला जात नाहीत. एकदाच गेले, रेकॉर्डर घेऊन. मग दरवर्षी दुसऱ्या कोणाकडून तरी भाषणांच्या फाइली मागवायला लागले. सारख्या फाइली शोधून काढणारं एक सॉफ्टवेअर असतं. भाषणांचा सगळा मजकूर टाईप करून त्यांनी त्याच्या तोंडी दिला. त्यानं पहिलं भाषण ठेवलं आणि बाकीची काढून टाकू का, असं विचारलं.

स्वतःचं मत विचारलं तर ते मास्तरांसारखं एक गणित घालतात. १ नोव्हेंबर १९५६, राज्यांची पुनर्रचना. हैदराबाद राज्याचा बीदर जिल्हा घ्या. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसुरात. "हार्ड डिस्कचं पार्टिशन करायच्या आधी शेंबडं पोरगंसुद्धा बॅकअप घेतंय. तवा कुणी घेतला होता का?"

त्यांनी तो घ्यायला घेतलाय, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. दाजींनी तो आपल्या पद्धतीनं लावला. एक हार्ड डिस्क भालकीला घरी, एक उदगीरला त्यांच्या बहिणीकडे, आणि डीव्हीडींची चळत जहीराबादला एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात. मी विचारलं, तीन राज्यांत कशाला? म्हणाले, एखादं सरकार पडलं तर? आता चौथी प्रत, एक डिस्क, माझ्याकडे आली आहे, तिच्यावर कुंकवाचं बोट आहे, आणि कलबुर्गीच्या उन्हाळ्यात माझ्या कपाटात किती अंश असतात हे ते दर मे महिन्यात विचारतात. आहेत त्याहून दोन कमी सांगतो.

एका रिकाम्या दुपारी ती डिस्क मी उघडून बसलो. आत वाटेल ते आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं, त्याआधी गावातल्या पोरांनी एकमेकांच्या पानांवर लिहिलेलं सगळं त्यांनी उतरवून ठेवलंय. त्यातले काहीजण आता पंचायतीत आहेत आणि दाजींशी फार नम्रतेनं वागतात. पण त्याच्या खाली जत्रांची हस्तपत्रकं, भजनी मंडळांच्या वह्या, बंद पडलेल्या मराठी वर्गांचे ग्रुप फोटो, मुलांच्या नावांसह. आणि आमच्याच एका वावराचे कागद: पणजोबांचा मोडीत, आजोबांचा निजामी उर्दूत, वडिलांच्या हातची बाळबोध टिपणं, आणि आजचं पहाणीपत्रक कन्नडात. फोल्डरला नाव दिलंय, "चार फॉरमॅट". शेजारी एक टिपण: चारही उघडणारा माणूस सापडला नाही, शोध चालू.

हा माणूस त्रासदायक आहे, हे मी मागं घेत नाही. पण त्या दुपारी चहा दोनदा गार झाला.

दाजींचा नवा हट्ट असा की परत उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप हा बॅकअपच नव्हे. म्हणून दर रविवारी बंगळूरला नातवाला व्हिडिओ कॉल लागतो आणि डिस्कवरचं एक पान त्याला वाचायला लावतात. पोराची देवनागरी शाळेतल्या हिंदीची. "वऱ्हाड" आलं की अडकतो, "आहे"चं "है" करतो. ळ मात्र कन्नडच्या कृपेनं असा खणखणीत काढतो की पुण्याच्या माणसानं ऐकावा. पानाला दहा रुपये घेतो. दाजी ते फोनवरून लगेच पाठवतात आणि पावतीचा स्क्रीनशॉट काढून तीन ठिकाणी ठेवतात.

गेल्या महिन्यात त्याला दाजींच्या आजोबांची उसनवारीची वही दिली होती, १९५५ची. नातू वाचत गेला: शेंगा दोन पायली, परत यायच्या. मग त्यानं सरळ विचारलं, "आल्या का?" दाजींनी पुढची पानं पाहिली. चारही प्रती ताडून पाहिल्या. परतीची नोंद नाही. नेणारं नाव आमच्या आजोबांचं.

रात्री फोन आला. मी म्हटलं, आजोबांनी दिल्या असतील, लिहायचं राहिलं असेल. "असेल की," दाजी म्हणाले, "पण पोरगं दर रविवारी विचारायलंय." व्याज नको म्हणाले. पायली कुठली, निजामाच्या वेळची की नंतरची, यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी आक्कानं फोन हिसकावून घेतला आणि यंदाचा भुईमूग निघाला की घेऊन ये, भाजक्या नको, ओल्याच आण, असं सांगून ठेवून दिला.