पठ्ठा पोसावा कसा? निशी-कसाईतल्या होतकरू वस्तादांसाठी

आधी पात्रता पाहू. सुमोची तालीम, म्हणजे हेया, चालवायची तर तुम्ही स्वतः नाव कमावून निवृत्त झालेले पैलवान असायला हवेत. तुम्ही जपानचे नागरिक असायला हवेत, हा नियम 1976 पासूनचा. शिवाय सुमो संघटनेच्या वस्तादकीच्या 105 वतनांपैकी एखादं तुमच्या नावावर असायला हवं. टोकियोच्या निशी-कसाईत राहून रोज तोझाई लाइनने ओतेमाचीला जाणारा आणि कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा मराठी माणूस या तिन्ही कसोट्यांवर नापास होतो. तरी खचू नये. स्वतःला न येणाऱ्या गोष्टीचा सल्ला देणं हा आपला जुना हक्क आहे आणि त्याला व्हिसाही लागत नाही.

जागा मात्र तुम्ही नकळत उत्तम निवडली आहे. निशी-कसाईहून चौथं स्टेशन मोन्झेन-नाकाचो. तिथल्या तोमिओका हाचिमान देवळाच्या आवारात 1684 पासून सरकारी परवानगीने दंगली भरू लागल्या आणि आज तिथे योकोझुनांची, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या पैलवानांची, नावं कोरलेली भलीमोठी शिळा उभी आहे. तिथून ओएदो लाइन पकडली की तिसरं स्टेशन र्‍योगोकु, म्हणजे सुमोची पंढरी. आपल्याच एदोगावा वॉर्डात वर उत्तरेला कोइवा स्टेशनात योकोझुना तोचिनिशिकीचा पुतळा आहे. त्याच बाजूला हिगाशी-कोइवात तागोनोउरा हेया आहे. 2017 मध्ये किसेनोसातो योकोझुना झाला तो याच हेयातून, आणि जपानात जन्मलेला योकोझुना देशाला तेव्हा 19 वर्षांनी मिळाला. आपण मात्र वॉर्ड ऑफिसात फक्त पाळणाघराचे फॉर्म भरायला जातो.

आता मुलगा शोधा. सोसायटीत एखादा पोरगा आठवीतच बापाच्या डोक्यावरून बघायला लागला की आपल्याकडे एकच वाक्य निघतं, ‘याला बास्केटबॉलला घाला.’ त्यात चूक काही नाही. रुइ हाचिमुरा सेंदाईच्या शाळेतून अमेरिकेत गोंझागा विद्यापीठात गेला आणि 2019 मध्ये एनबीएच्या निवडीत नवव्या क्रमांकावर उचलला गेला. पंजाबचा सतनाम सिंग चौदाव्या वर्षी फ्लोरिडाला गेला आणि 2015 मध्ये 52 व्या क्रमांकावर निवडला गेला. सात फूट दोन इंच उंची असूनही एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उंच मुलगा सगळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यामागे रांग लागते. वस्तादाने त्या रांगेच्या शेवटी उभं राहून वाट बघावी. रांगेतून कंटाळून बाहेर पडलेला मुलगा आपला.

हे मनाचं सांगत नाही. हवाईचा चॅड रोवन शाळेत बास्केटबॉलचा नावाजलेला सेंटर होता. हवाई पॅसिफिक विद्यापीठाने त्याला त्या खेळाची शिष्यवृत्ती दिली, पण पहिल्या वर्षी तो मैदानात उतरलाच नाही. तेवढ्यात ओळखीतून त्याची गाठ आझुमाझेकी वस्तादांशी पडली. हे वस्ताद म्हणजे पूर्वीचा ताकामियामा, तोही हवाईचाच आणि 1972 मध्ये स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी. मुलगा 203 सेंटिमीटरचा आणि पाय लांबच लांब. सुमोत लांब पाय म्हणजे दोषच, कारण कमरेचा भार जितका वर तितका माणूस लवकर कोलमडतो. तरी 1988 च्या मार्चमध्ये तो आखाड्यात उतरला. पायांचं नुकसान त्याने हातांनी भरून काढलं. लांब हातांनी छातीवर असे धक्के द्यायचा की समोरच्याला त्याच्या कमरेच्या पट्ट्यापर्यंत पोचताच येत नसे. पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा, 1993 च्या जानेवारी स्पर्धेनंतर, तो आकेबोनो या नावाने पहिला परदेशी योकोझुना झाला. गुडघ्यांनी पुढे त्याचा हिशेब चुकता केला, पण ते प्रकरण आईला सांगायचं नसतं.

आई हीच खरी पायरी आहे. बाप फोटो बघून खूश होतो, पठ्ठा जेवणाच्या वर्णनाने भाळतो, पण सही आईची लागते. तिचा पहिला प्रश्न शिक्षणाचा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून कसं चालेल? उत्तर तयार ठेवा. हल्ली काही वस्ताद पोरांना पत्राद्वारे हायस्कूल करू देतात. शिवाय संघटनेची स्वतःची शाळा र्‍योगोकुच्या कोकुगिकान या सुमोच्या स्टेडियममध्येच आहे. नव्या पोरांना तिथे सहा महिने जावं लागतं. पाय आपटायला शिकवतात, त्याचबरोबर सुमोचा इतिहास, शरीरशास्त्र आणि ब्रशने अक्षर काढणंही शिकवतात. ‘कॅलिग्राफी’ हा शब्द आईसमोर दोनदा उच्चारा.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि इथे तुमची बाजू भक्कम आहे. कोल्हापूरच्या गंगावेशीच्या किंवा मोतीबागेच्या तालमीत पोरगा ठेवायचा तर दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकरी बापाच्या खिशातून जातो. कित्येकांनी त्यापायी म्हशी विकल्या. हेयात राहणं, जेवण, कपडे सगळं फुकट. शिवाय दर पोरामागे संघटना वस्तादालाच महिन्याला पैसे देते. आईला यातलं पहिलं वाक्य सांगा, दुसरं सांगू नका.

तिसरा प्रश्न ती विचारणार नाही, पण तिच्या डोळ्यांत असेल. 2007 च्या जूनमध्ये 17 वर्षांचा एक पोरगा हेयातल्या मारहाणीत मेला आणि त्याच्या वस्तादाला तुरुंगात जावं लागलं. त्यानंतरच्या नागोया स्पर्धेला देशभरातून एकही नवा मुलगा आला नाही. यावर विनोद नाही आणि आईला पटवण्याची युक्तीही नाही. ‘तुम्ही स्वतः येऊन सकाळचा सराव बघा, ओकामी-सानशी बोला’ एवढंच म्हणावं. ओकामी-सान म्हणजे वस्तादाची बायको. पोरांचा ताप, दातदुखी, घरची आठवण, देणगीदारांची पत्रं, सगळं तीच बघते. आई शेवटी तिच्याकडे बघूनच ठरवते, तुमच्याकडे बघून नाही.

मोजमापाकडे वळू. पूर्वी 173 सेंटिमीटर आणि 75 किलो लागत. 2012 पासून सरसकट 167 आणि 67 चालू लागलं. 2024 पासून तर मापात न बसणाऱ्यालाही धावणं-उड्यांची चाचणी देऊन आत येता येतं. ही उदारता आभाळातून पडलेली नाही. 1992 च्या मार्च स्पर्धेला 160 नवी पोरं आली होती. हल्ली मार्चला तिसाच्या आसपास आली तरी वस्ताद लोक देवाला फुलं वाहतात. मार्चची स्पर्धा मोक्याची, कारण जपानी शाळा तेव्हाच संपते. हल्लीच्या ढिलाईने एक कला मात्र संपली. निहोन विद्यापीठाचा माइनोउमि जुन्या मापात काही सेंटिमीटरने कमी पडला, तेव्हा त्याने डॉक्टरकडे जाऊन डोक्याच्या कातडीखाली सिलिकॉन भरून घेतलं. 1990 मध्ये तो तेवढ्या टेंगळासकट पास झाला आणि पुढे वरच्या वर्गात भल्याभल्यांना लोळवत राहिला. आपल्या पोरांवर हा प्रयोग करू नये. विमा भरपाई देणार नाही.

खुराक हा भाग नवशिक्यांना सगळ्यात कठीण वाटतो. तो सगळ्यात सोपा आहे. पहाटे पोरं उठवायची आणि खायला काही द्यायचं नाही. थेट आखाडा. साडेदहा-अकराला पहिलं जेवण. मोठ्या पातेल्यात चांको, म्हणजे कोंबडी, कोबी, मुळा, टोफू, मशरूम असं सगळं एकत्र उकळलेलं, आणि बाजूला भाताचा डोंगर. कोंबडीच का, तर ती दोन पायांवर उभी असते. चार पाय जमिनीला टेकलेला प्राणी म्हणजे हरलेला पैलवान. आधी वस्ताद, पाहुणे आणि वरचे पैलवान जेवतात. लहान पोरं मागे उभी राहून वाढतात. त्यांची पाळी येते तेव्हा पातेल्यात रस्सा उरतो आणि तळाशी दोन-चार कोबीची पानं. मग तोच रस्सा भातावर ओतून वाटीमागून वाटी. जेवण झालं की सगळ्यांनी आडवं व्हायचं. रिकाम्या पोटी मेहनत, पोट फुटेस्तोवर भात आणि लगेच झोप, बस, किलो आपोआप चढतात. निशी-कसाईत हाच दिनक्रम आपण दर रविवारी पाळतो, फक्त मेहनतीचा भाग वगळून.

पण वजनाच्या मोहात पडू नका. रशियातून आलेला ओरोरा 292 किलोंपर्यंत पोचला, सुमोच्या इतिहासात एवढा जड कोणी नाही. 2018 मध्ये निवृत्त झाला तोवर त्याला पगारी दर्जा एकदाही मिळाला नव्हता. एन्हो 168 सेंटिमीटरचा, शंभर किलोंच्याही आत, आणि 2019 मध्ये तो सर्वांत वरच्या वर्गात उभा होता. त्याला हेरलं योकोझुना हाकुहोने. हाकुहोची स्वतःची कथा तर वस्तादांनी रोज सकाळी आठवावी अशी. 2000 साली मंगोलियातून आलेला हा पंधरा वर्षांचा पोरगा जेमतेम 62 किलोंचा होता आणि एकही हेया त्याला घेईना. परतीची वेळ आली तेव्हा कुठे मियागिनो वस्तादांनी मनावर घेतलं. त्या पोराने पुढे 45 स्पर्धा जिंकल्या. ज्यांनी नको म्हटलं होतं त्या वस्तादांनी नंतर काय केलं ते ठाऊक नाही, पण मी असतो तर वजनकाटा विकला असता.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: 2002 पासून एका हेयात एकच परदेशी चालतो. तेव्हा तुमच्या हातात एकच फासा आहे. कोणाच्या भाच्यासाठी तो वाया घालवू नका.

मेहनतीबद्दल थोडक्यात. मांड्या फाकून छाती जमिनीला टेकवणं, खांबावर तळवे आपटणं, पाय न उचलता सरकणं, आणि शिको. एक पाय कानापर्यंत नेऊन दाणकन खाली, मग दुसरा, असं शेकडो वेळा. नवा मुलगा पहिले आठवडे रडतो. मग एक दिवस रडत नाही. जोर-बैठका काढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. आपल्या हौद्याच्या मातीत मात्र ताक, लिंबू आणि हळद असते. इथे नुसती टणक माती, त्यामुळे पडल्यावर जास्त लागतं.

कॉलेजचा रस्ता वेगळा आहे आणि वस्तादांना तो परवडतो, कारण वजनाचा खर्च विद्यापीठाने आधीच केलेला असतो. राष्ट्रीय विजेतेपद घेऊन आलेला विद्यार्थी खालच्या पायऱ्या ओलांडून थेट वरून सुरुवात करतो. ओनोसातो निप्पोन क्रीडा विद्यापीठातून असाच आला. 2023 च्या मेमध्ये पहिली स्पर्धा, 2025 च्या मेनंतर योकोझुना. एवढ्या लवकर कोणी पोचलं नव्हतं. त्याच्याआधी विद्यापीठातून आलेला योकोझुना एकच, वाजिमा, तोही 1973 चा आणि तोही इशिकावाचाच. ओनोसातोचा वस्ताद कोण? आपल्या वॉर्डातून योकोझुना झालेला किसेनोसातो. स्वतः नववी-दहावीच्या वयात हेयात गेलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर वासेदा विद्यापीठात क्रीडाशास्त्रात मास्टर्स केलं आणि इबाराकीत दोन आखाड्यांची तालीम बांधली. मुलाच्या आईला दाखवायचा फोटो हा. आकेबोनोचा नको.

कॉलेजवाल्याचा एक तोटा. त्याला नाही म्हणता येतं. पंधरा वर्षांच्या पोराला ते येत नाही, त्याला फक्त पळता येतं. रात्री मोठ्या खोलीत सगळे एका रांगेत झोपतात. सकाळी एक गादी घडी घालून ठेवलेली असते आणि दाराजवळच्या चपला गेलेल्या असतात. आरडाओरडा करू नका. ओकामी-सानना घरी फोन करू द्या. बहुतेक पोरं दुपारपर्यंत स्वतःच्या आईच्या हातचं जेवताना सापडतात, आणि त्यातली काही संध्याकाळी परत येतात. आली तर ‘कुठे होतास?’ असं विचारायचं नाही. वाटी पुढे करायची.

उरलेली आणि सगळ्यात लांब पायरी म्हणजे थांबणं. सगळे मिळून सहाशेच्या आसपास पैलवान, त्यात पगार फक्त वरच्या दोन वर्गांतल्या 70 जणांना; त्यातला खालचा वर्ग म्हणजे ज्युर्‍यो. ज्युर्‍योत पाय टाकला की महिन्याला 11 लाख येन, स्वतंत्र खोली, पांढरा पट्टा आणि सेवेला लहान पोरं. त्याच्या एक पायरी खाली काही नाही, फक्त स्पर्धेगणिक भत्ता, आणि सकाळी इतरांचा संडास धुणं. बहुतेक जण तिथेच राहतात. हानाकाझे नावाचा पैलवान 1986 मध्ये आला आणि 2022 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, निवृत्त झाला. छत्तीस वर्षांत पगारी दर्जा एकदाही नाही. अशा माणसाचं काय करायचं हे कुठल्याच मार्गदर्शिकेत नसतं. व्यवहारी वस्ताद त्याला स्वयंपाकघर देतो, कारण रस्सा कुठल्या पोराला कमी पडतो हे त्यालाच कळतं.

प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रं: वैद्यकीय दाखला, शाळेचा दाखला, पालकांची संमती. मुलगा निशी-कसाईतला मराठी असेल तर रहिवासाचा व्हिसा कोणत्या प्रकारात बदलायचा ते वकिलाला आधी विचारा, आणि आजीला शेवटी सांगा. मुलगा अजून प्राथमिक शाळेत असेल तर घाई नको. वानपाकु-झुमो या लहान मुलांच्या स्पर्धेच्या वॉर्डातल्या फेरीत त्याला उतरवा. तिथे चड्डीवरून पट्टा बांधू देतात, त्यामुळे लाजरी मुलंही तयार होतात. हरला तर बास्केटबॉल आहेच.