तीसपैकी नाना

नानाकाकांच्या बुद्धीला चोवीस गुण की एकोणतीस, यावरून आमच्या घरात सरळसरळ दोन तट पडले आहेत.

१९७५ साली अमेरिकेत फोलस्टीन पती-पत्नी आणि मॅकह्यू यांनी दहा मिनिटांत उरकणारी, तीस गुणांची एक चाचणी काढली. चोवीसच्या खाली गेलात की डॉक्टरांच्या भुवया वर जातात. नानांना डॉक्टरांकडे नेलं ते रक्तातल्या साखरेच्या तपासणीसाठी उपाशी ठेवून, आणि नेमकी संकष्टी.

"आज वार कोणता?"

"निवृत्त माणसाला सगळे रविवारच."

तारीख विचारली तर त्यांनी तिथी सांगितली, वर चंद्रोदयाची वेळही. पण तक्त्यात तिथीला रकाना नव्हता. मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. पाच वजाबाक्या, पाच गुण. बँकेत जन्मभर कॅशिअर असलेला माणूस ६५ वर थांबतो होय? थेट दोनपर्यंत उतरले आणि म्हणाले, "पुढे ओव्हरड्राफ्ट." या दौडीत ते तीन शब्द मात्र कायमचे वाहून गेले. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे होते, त्यांचे पतंग झाले. शेवटी मनानं एक वाक्य लिहायचं असतं. नानांनी लिहिलं, "चहा कधी मिळेल?" त्याचा पूर्ण गुण मिळाला. एकूण चोवीस.

पावसाळा संपल्यावर पुन्हा गेलो, या वेळी पोहे-चहा करून. नानांनी निघताना भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं आणि मागच्या वेळी डॉक्टरांनी नंतर सांगितलेले ते तीन शब्द रिक्षात पुटपुटत राहिले. शब्द बदललेच नव्हते! पंचकोनांचे पतंगच राहिले, पण गुण एकोणतीस. काकूंच्या मते हा ब्राह्मीच्या तेलाचा गुण. मानसशास्त्रज्ञ याला सरावाचा परिणाम म्हणतात आणि म्हणूनच काही चाचण्यांचे दोन-तीन वेगळे संच बनवून ठेवतात.

मग खरे नाना किती गुणांचे? चार्ल्स स्पीअरमननं १९०४ च्या सुमारास मांडलेला हिशेब असा, की मिळालेले गुण म्हणजे खरे गुण अधिक चूक. यातले खरे गुण परब्रह्मासारखे, आजवर कुणालाच दिसलेले नाहीत. चुकीत उपास येतो, झोप येते, परीक्षकाचा सूरही येतो. ही चूक किती, याचा अंदाज मात्र बांधता येतो. उदाहरणार्थ बुद्ध्यंक घ्या: सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५. चाचणीची विश्वसनीयता ०.९० धरली, आणि ती उत्तमच समजतात, तरी मोजमापाची प्रमाण त्रुटी पावणेपाच गुणांच्या घरात जाते. म्हणजे दोन्ही बाजूंना तिची दुप्पट सोडून शंभर गुणवाल्याला साधारण ९१ ते १०९ मध्ये कुठेही बसवा. आमच्या सोसायटीत एका आईनं मुलाचे १०८ शेजारणीच्या मुलाच्या १०३ शेजारी ठेवून पेढे वाटले होते. पेढे चांगले होते, म्हणून मी हा हिशेब तिथे काढला नाही.

डॉक्टरांनी सहज म्हणून काकूंनाही बसवलं. त्यांना वाक्य लिहायला सांगितलं. चष्मा सावरत, नानांकडे एकदा बघत त्यांनी लिहिलं, "हे घरी विचारलेल्याचं उत्तर इतक्या लगेच कधीच देत नाहीत."