दुसऱ्या कर्जतचा पाऊस

मी कर्जतची आहे म्हटलं की पुण्यातल्या मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर धबधबा कोसळायला लागतो. मग सांगावं लागतं, बायांनो, ते रायगडातलं. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात ते, मुंबईकरांच्या फार्महाउसचं. आमचं कर्जत नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर. संत गोदड महाराजांचं. आमच्याकडे रेल्वेच नाही, त्यामुळे मागून ढकलायचा प्रश्न येत नाही. सिद्धटेकचा गणपती, राशीनची देवी, रेहेकुरीची काळविटं, सगळं आमच्या तालुक्यात. पाऊस तेवढा त्यांच्याकडे.

हे मी जन्मभर लोकांना समजावत आले आणि नेमकी सबमिशनच्या रात्री मीच विसरले.

विषय होता गावाकडचं घर. साइट आपली आपण निवडायची. मी आमचीच वस्तीवरची जागा घेतली. आता आर्किटेक्चरमध्ये घराला आधी कॉन्सेप्ट लागतो, खोल्यांचं नंतर बघतात. वर्गात एकीने शंख घेतला, एकाने शून्य घेतलं (आणि शीटवरही तेवढंच काढून आणलं). मी रेहेकुरीचं काळवीट घेतलं. अभयारण्य १९८० सालचं, सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही, पण नराच्या शिंगाला जो पीळ असतो तो बघत राहावा असा. तो पीळ मी घराला दिला. मधोमध गोल जिना, त्याच्याभोवती गरगरत वर गेलेल्या खोल्या. काटकोन एकही नाही. लोखंडी कपाट कुठल्याच भिंतीला टेकत नव्हतं, पण ज्यूरीत कपाटाचा विषय कोणी काढत नाही.

हवामानाचं शीट शेवटी उरलं. पहाटेचे तीन. गूगलवर कर्जतचा पाऊस शोधला आणि पहिला तक्ता दिसला तो उचलला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. आमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक पाऊस बरा झाला म्हणतात. पण त्या वेळी मला आकडे दिसत होते, अर्थ दिसत नव्हता. त्या आकड्याला जागून मी छपराला सणसणीत उतार दिला. पन्हाळी अशा काढल्या की त्यातून म्हैस वाहून जावी. आणि पुराचं पाणी खालून निघून जावं म्हणून अख्खं घर खांबांवर उचललं. ज्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकून माणसं धावत सुटतात, त्या वस्तीवर.

ज्यूरीला बाहेरून आलेले परीक्षक मुंबईचे होते. माझ्या शीटपुढे बराच वेळ थांबले. म्हणाले, ‘‘बाकीच्यांनी नुसत्या भिंती काढल्यात. तू पावसाचा विचार केलायस. माझं कर्जतला छोटं फार्महाउस आहे, जुलैत भिंतींना शेवाळ धरतं. तुला ते बरोबर कळलंय.’’

तेव्हा माझी झोप उडाली. खरं सांगायला अजून वेळ होता. मी म्हटलं, ‘‘थँक यू, सर.’’

आमच्या सरांनी मात्र एक खोच काढलीच. वरची खोली एवढी अधांतरी बाहेर आली आहे, ती हलणार नाही का? मी बेधडक सांगितलं, ‘‘सर, राशीनच्या देवळातल्या दीपमाळा वर चढून हलवल्या की हलतात. पडत नाहीत.’’ यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, कोणीही जाऊन बघावं. फक्त ती करामत कुण्या जुन्या कारागिराची, आणि मी ती माझ्या सनबोर्डच्या मॉडेलच्या नावावर चढवली. मार्क चांगले पडले.

मॉडेल घेऊन गावी गेले. आजीने ते चारी बाजूंनी पाहिलं, चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, ‘‘कुरडया कुठं घालायच्या गं?’’

आमचं जुनं घर माळवदाचं. तुळया, त्यावर कडीपाट, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, मध्ये उजेडाला सानं. बाहेर चैत्र भाजत असताना आत माजघरात पाठ टेकावी. वर सपाट, कारण वाहून जाण्याइतकं पाणी पडतंय कुठे? त्या सपाटीवर कुरडया, शेंगा, मिरच्या वाळतात आणि उन्हाळ्यात रात्री अख्खं घर झोपतं. माझ्या छपरावर कुरडई घातली असती तर ती थेट शेजारच्या बांधावर गेली असती. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, गोल जिन्यात बोट घालून दोन फेरे मारले. ‘‘ज्वारीचं पोतं वर कसं न्यायचं?’’ अण्णा, म्हणजे माझे वडील, काहीच बोलले नाहीत. त्यांनी मॉडेल उलटं करून बघितलं, आणि आम्हा सगळ्यांनाच ते तसं जरा बरं वाटलं.

पुढच्या सत्राला मिक्स्ड यूज. एकाच इमारतीत खाली दुकानं, वर घरं. हा केवढा पुढारलेला विचार आहे हे आम्हाला परदेशातली उदाहरणं दाखवून शिकवलं गेलं, आणि मी ते डोळे विस्फारून वहीत उतरवलं. मी खताच्या दुकानामागच्या खोलीत लहानाची मोठी झाले आहे, हे मला तेव्हा आठवलं असेल तर शपथ.

साइट कर्जतची बाजारपेठ. फोटो काढले, तर प्रत्येक स्लॅबवर सळया आ वासून उभ्या. पोरगं नोकरीला लागलं की वरचा मजला चढवायचा, तोवर सळयांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घालून ठेवायच्या. मला ते फार गचाळ वाटलं. एक रात्र घालवून फोटोशॉपमध्ये एकेक सळई खोडून काढली. लगेच पुढच्या शीटवर आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं कौतुक लिहिलं. पुण्यात जन्मलेला हा माणूस, २०१८ चं प्रित्झकर पारितोषिक मिळवणारा पहिला भारतीय. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरिबांना जोतं, नळ-संडास आणि फार तर एखादी खोली एवढंच दिलं. बाकीचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. मी मथळा दिला ‘वाढतं घर : एक स्वप्न’. वरती तीच बाजारपेठ, सळया साफ खोडलेली.

रेंडर मात्र झकास झालं. काचेची दर्शनी बाजू, गच्चीवर बाग, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माणसं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये होती तीच टाकली. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

‘‘ही सोनेरी केसांची बाई कुणाची?’’

‘‘कुणाची नाही तात्या. प्रमाण कळावं म्हणून असते.’’

‘‘आणि कुत्रं?’’

‘‘तेही.’’

‘‘युरियाची गाडी कुठं लावायची?’’

तिथे बाग होती.

एवढं होऊनही तात्यांनी मला काम दिलं, हा त्यांचा मोठेपणा किंवा फी वाचवण्याची तळमळ. रस्त्याकडेला तीन गाळे, वर दोन खोल्या, जिना बाहेरून, जिन्याखाली संडास. नगरपंचायतीच्या परवानगीला सही दुसऱ्या कुणाची घेऊ, तू नुसतं काढ. मी काढलं. गाळे सरळ, खोल्या सरळ. फक्त दर्शनी भिंतीला, शिक्षणाची लाज राखायची म्हणून, किंचित तिरकेपणा दिला.

आखणीच्या दिवशी मिस्त्रींनी दोरी ताणली, फक्की मारत आले आणि त्या कोपऱ्याशी थांबले. गुण्या लावला. पुन्हा लावला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘‘ताई, हितं कागद सरकला का?’’

‘‘नाही, तो कॉन्सेप्ट आहे.’’

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, विटेवर काहीतरी हिशेब केला आणि तात्यांना हाक मारली. ‘‘मालक, कॉन्सेप्टचा रेट येगळा पडंल.’’

तात्या तोवर पायाने फक्की पुसायलाही लागले होते.