दोन फुटी टाकीत शार्क पाळण्याची सोपी पद्धत

सर्वप्रथम अभिनंदन. रविवारी दुपारी 'नुसतं बघून येऊ' म्हणून तुम्ही शोभेच्या माशांच्या दुकानात शिरलात आणि बाहेर पडलात ते हवा भरून फुगवलेली पिशवी घेऊन. पिशवीच्या तोंडाला रबराचे वेढे, आत दोन-दोन इंचांची चार चंदेरी, काळसर पट्ट्यांची, एक क्षण स्वस्थ न बसणारी पिल्लं. दुकानदार 'शार्क' म्हणाला, चिरंजीवांनी तिथेच फतकल मारली आणि विषय संपला. आता खालील सूचना क्रमाने पाळाव्यात. क्रम चुकला तरी चालेल. मासा त्यासाठी वाढायचा थांबणार नाही.

पायरी पहिली: आपण नक्की काय आणलंय ते शोधून काढा. हा शार्क नव्हे. हा पंगासियस, म्हणजे हॉटेलच्या मेन्यूवर 'बासा' या नावाने येणाऱ्या माशांपैकी एक. मूळचा मेकाँग नदीकडचा. तिथे तो अंडी घालायला शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो. पूर्ण वाढ म्हणजे 130 सेंटिमीटरपर्यंत लांबी आणि 40 किलोच्या पुढे वजन. आपल्याकडे शेततळ्यांत शेतकरी तो मुद्दाम वाढवतात, कारण वर्षाच्या आत तो किलोभर होतो. जो गुण पाहून शेतकरी त्याचं बीज आणतो, तोच गुण दुकानदार तुम्हाला सांगायला विसरला, एवढंच. (हीच गंमत 'पिरान्हा'ची. बऱ्याच दुकानांत त्या नावाने जे पिल्लू मिळतं, ते मासळी बाजारातल्या रूपचंदाचं असतं. इकडे नगावर विकतात, तिकडे किलोवर.)

पायरी दुसरी: 'साहेब, टाकीएवढाच वाढतो तो' हे वाक्य विसरा. हे वाक्य प्रत्येक दुकानात मिळतं, आणि फुकट मिळतं. त्यात तथ्य इतकंच, की कोंदट टाकीत मासा खुरटतो. माशाच्या विष्ठेतून, श्वासातून अमोनिया पाण्यात उतरतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. पाणी थोडं असलं की हे सगळं साचत जातं. अशा पाण्यात भूक मरते, वाढ अडते, कधी पाठीचा कणाही वाकडा होतो. मासा टाकी बघून समजूतदारपणे थांबत नाही. तो आजारी पडून थांबतो. साधा गोल्डफिश चांगल्या जागेत फूटभर होतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आपण तो काचेच्या वाडग्यात ठेवतो आणि काही महिन्यांत तो गेला, की 'तेवढंच आयुष्य होतं त्याचं' म्हणून नवा आणतो.

पायरी तिसरी, आणि खरं तर ही दुकानात जाण्यापूर्वी करायची: जुनी वर्तमानपत्रं, कात्री, चिकटपट्टी आणि मेजरटेप घ्या. कागद एकमेकांना जोडून 130 सेंटिमीटर लांबीचा मासा कापा. शेपटी सढळ हाताने काढावी. आता हा मासा तुमच्या दोन फुटी टाकीसमोर धरा. दोन फूट म्हणजे 61 सेंटिमीटर. मासा धड पोटापर्यंत आत बसेल, उरलेला टीव्हीपर्यंत जाईल. मग त्याला वळवून पाहा. माशाला पुढे जाता येणं पुरेसं नसतं, मागेही फिरता यावं लागतं, म्हणून टाकीची रुंदी माशाच्या लांबीपेक्षा चांगली दीडपट तरी हवी. हिशेब केल्यास साधारण तुमच्या बेडरूमचा आकार हाती येईल. त्यातून हा मासा एकट्याने बिचकतो, त्याला कळप लागतो. चार घ्या म्हणाला तेव्हा दुकानदार बरोबर बोलत होता, तेवढ्यापुरताच.

पायरी चौथी: 'मोठी टाकी घेऊ की' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावतं. सहा बाय दोन बाय दोनची टाकी म्हणजे 24 घनफूट, म्हणजे जवळजवळ 680 लिटर. नुसत्या पाण्याचं वजन 680 किलो; काच, वाळू आणि लोखंडी स्टँड वेगळे. ही वस्तू बाल्कनीत ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारावं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारू नये. दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं म्हटलं तरी वीस लिटरच्या साडेआठ बादल्या बाहेर आणि तितक्याच क्लोरीन काढून आत. मे महिन्यात, टँकरची वर्गणी भरून, हे काम मोठ्या भक्तिभावाने करता येतं. आणि इतकं करूनही ही टाकी आपल्या पंगासियसला पुरत नाही. फूटभर लांबीच्या दोन ऑस्करना मात्र ऐसपैस होते. तेव्हा मोठी टाकी आधीच घेऊन बसलेल्यांनी निराश होऊ नये.

पायरी पाचवी: घरच्यांची समजूत. ही ज्याची त्याने घालावी.

पायरी सहावी: मासे घरी आलेच आहेत आणि दुसरी सोय व्हायची आहे, तोवर काय? एक प्रयोग करू नका, पण तो होणारच. रात्री पाणी प्यायला उठाल आणि सवयीने हॉलचा दिवा लावाल. अंधारातून एकदम उजेड पडला की हे चौघे गोळीसारखे सुटतात आणि काचेवर आपटतात. टक् असा आवाज येतो, मग दुसरा. नाकाड्यावर आधी पांढरट ओरखडा उठतो, मग तो लाल होतो, मग त्यावर कापसासारखी बुरशी चढते. यावर उपाय म्हणून टाकीत औषध घालण्यापेक्षा टाकीच्या मागच्या-बाजूच्या काचांना काळा कागद लावावा, झाकण घट्ट बसवावं, खाणं कमी करावं आणि पाणी वारंवार, थोडं थोडं बदलावं. हा तात्पुरता मुक्काम आहे हे माशाला माहीत असतं. तुम्हीही लक्षात ठेवा.

ज्यांनी अजून पिशवी उचललेली नाही, त्यांनी दोन फुटी टाकीसाठी झेब्रा डॅनिओ, चेरी बार्ब, हनी गुरामी यांच्याकडे बघावं. दोन इंचांच्या आसपास थांबतात, दिसायला देखणे. त्यातले झेब्रा आणि हनी गुरामी तर आपल्याच भारतातल्या पाण्यातले, तरी त्यांना विचारतं कोण! गप्पीही चालतात, पण गप्पी एकदा आणले की पुन्हा आणावे लागत नाहीत. पुढची काही वर्षं तुम्हीच ते वाटत फिरता. आणि मासे आणण्यापूर्वी चार-सहा आठवडे टाकी चालू ठेवून फिल्टरमधले जिवाणू तयार होऊ द्यावेत. इतके दिवस नुसतं पाणी बघत बसण्याचा धीर ज्याच्यात आहे, त्याने मासे पाळायला हरकत नाही.

पायरी सातवी: काय करायचं नाही. वर्षभराने मासा टाकीत वाकडा बसू लागला, की घरातलं कोणीतरी हळव्या आवाजात सुचवतं, 'नदीत सोडून देऊ या, बिचारा मोकळा होईल.' मग दीड दिवसाच्या गणपतीसारखा भावपूर्ण निरोप. फरक इतकाच, की हा विरघळत नाही. काच चाटून साफ करणारा म्हणून आणलेला 'सकर' असाच सुटला. अंगावर हाडासारखे कडक खवले, काठावर बिळं करायची सवय, त्याला खाणारं कोणी नाही. उजनी धरणाच्या मच्छीमाराला विचारा; जाळं ओढलं की हा त्यात अडकून बसतो, सोडवताना जाळं फाटतं आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. 2023 मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात मगरीसारख्या तोंडाचा ॲलिगेटर गार सापडला. हा उत्तर अमेरिकेतला मासा. तिथून पोहत तर आला नसेल. विहीर, गणपतीचा हौद, सोसायटीचं कारंजं हीसुद्धा 'नदी'च समजावी.

पायरी आठवी: मासा योग्य हाती देणे. ज्या दुकानातून घेतला तिथेच आधी विचारावं. पैसे परत मागू नयेत, म्हणजे बोलणं लवकर मिटतं. नाहीतर ज्याच्याकडे खरोखर मोठं, बंदिस्त तळं आहे असा हौशी माणूस शोधावा. जाहिरातीत माशाची आजची लांबी लिहावी आणि पुढची होणारीही लिहावी. 'शार्क' लिहू नये. घेणाऱ्याकडे तळ्याचा फोटो मागावा, आणि पावसाळ्यात ते तळं भरून ओढ्याला मिळत नाही ना, हेही विचारावं. चारही मासे एकत्रच द्यावेत. 'टाकी आणि फिल्टर तेवढे द्या, मासे राहू द्या तुमच्याकडेच' असं म्हणणारे किमान तीन फोन येतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणावं, कारण अजून दोन महिने तरी ती टाकी तुम्हालाच लागणार आहे.