आत्ताच टायर टाकलेत

जुनी गाडी विकणारे आणि जुनी गाडी विकण्याचा विचार करणारे या दोन वेगळ्या जमाती आहेत. पहिल्या जमातीतला माणूस एखाद्या शनिवारी गाडी घेऊन जातो आणि रिक्षाने परत येतो. दुसऱ्या जमातीचे काका आमच्या सोसायटीत राहतात. तुमच्याही राहत असतील. आमच्या काकांकडे २००३ सालची झेन आहे. ती दोन लाख दहा हजार किलोमीटर पळाली आहे, आणि तिच्यावर आता खर्च करावा की तिला काढून टाकावं, यावर काकांचं चिंतन चालू आहे. चिंतन सुरू झालं तेव्हा काकांचा मुलगा शाळेत होता. आता तो बंगळुरूला नोकरी करतो आणि त्याची स्वतःची दुसरी गाडी झाली.

“यंदा काढूनच टाकतो,” असं काका म्हणाले की समोरच्याने “छे हो काका, अशी गाडी आता मिळायची नाही,” म्हणायचं असतं. हा रिवाज माहीत नसलेला एक नवा भाडेकरू “हो काका, काढाच,” म्हणून गेला. काकांनी त्याला पार्किंगमध्येच उभं करून झेनचं इंजिन ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं, आणि अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं कसं आहे, हे बॉनेट उघडून दाखवलं. तेव्हापासून तो मुलगा बाइक बाहेर रस्त्यावर लावतो.

काकांचं तर्कशास्त्र साधं आहे. गाडीतली सगळी सामग्री एकाच वेळी कधी जुनी होत नाही. टायर गेले तेव्हा काकांनी गाडी काढायचं ठरवलं, पण गुळगुळीत टायरांवर गिऱ्हाईक भाव पाडतं, म्हणून आधी टायर टाकले. टायर टाकल्यावर लगेच विकणं म्हणजे दुसऱ्याला नवे टायर फुकट देणं. म्हणून गाडी ठेवली. टायर निम्मे झिजेपर्यंत बॅटरी बसली. बॅटरी घातली तर क्लच घसरायला लागला. मग पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, त्याने जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खराब होतात असं कोणीतरी सांगितलं, तेव्हा काकांनी सगळे पाइप बदलून घेतले. काहीतरी नुकतंच टाकलेलं असतं म्हणून गाडी विकवत नाही, आणि काहीतरी गेलेलं असतं म्हणून विकता येत नाही. या दोन्हींच्या मधला, म्हणजे विकायला योग्य असा दिवस, पंचांगात येतच नाही.

सरकारनेही आपल्या परीने प्रयत्न केले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१८ साली काकांनी ते ६०० रुपयांत उरकलं. एप्रिल २०२२ पासून तीच फी ५ हजार झाली, आणि २०२३ मध्ये काकांनी ती आरटीओला चार शब्द सुनावून भरली. पर्यावरण कर वेगळा. इतके पैसे भरल्यावर २०२८ पर्यंत गाडी वापरणं काकांना भागच होतं. आता वीस वर्षांवरच्या मोटारींची फी १० हजार झाली आहे, म्हणजे पुढच्या वेळी भरल्यावर २०३३ ची निश्चिंती. भंगारात द्यावी तर नोंदणीकृत केंद्रात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळतात असं धोरण सांगतं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तेवढ्याचे तर टायरच आहेत.” २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या नंबरप्लेट लावायचा हुकूम निघाला तेव्हा सोसायटीत सगळ्यात आधी काकांनी ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून लावली. झेनवर आता नवी कोरी दिसते ती तेवढीच एक वस्तू.

खरा पेच आला तो धुराने. सकाळी गाडी चालू केली की मागून निळसर धूर यायला लागला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं आमच्या वॉचमनलाही कळतं. पण तो कधी येतो यावर खर्चाचं सगळं गणित अवलंबून असतं. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताना भसकन आला आणि थांबला, तर बहुतेक व्हॉल्व्हची सील कडक झालेली असतात. ते काम त्यातल्या त्यात आवाक्यातलं. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मागचा स्कूटरवाला दिसेनासा होत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. मग इंजिन उतरवा, बोअर मोजा आणि बँकेत जाऊन या.

काकांचं म्हणणं, धूर फक्त सकाळी येतो. काकूंचं म्हणणं, दिवसभर येतो. निकाल लावायचा तर कात्रजचा घाट चढून बघायचा, दहा मिनिटांचं काम. त्यामुळे काकांनी कात्रज घाट वर्ज्य केला. साताऱ्याच्या लग्नाला दोघं एसटीने गेली.

शेवटी काकूंनी गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, हात वर धरला, तळवा हुंगला आणि पँटला पुसला. काका त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“काका, काम निघालंय.”

“ते दिसतंय. किती?”

“खोलल्याशिवाय नाही सांगता येणार. आणि एकदा खोललं की तसंच परत नाही बसवता येणार.”

“तरी अंदाजे?”

“पूर्ण करायचं तर पंचेचाळीस धरून चला.”

“आणि गाडीचे किती येतील?”

“चाळीस. टायर चांगले आहेत म्हणून.”

टायरांची अशी जाहीर दखल घेतली गेल्याने काका क्षणभर सुखावले. पण बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सीएंनी निकाल देऊन टाकला, “४० हजारांच्या गाडीवर ४५ हजार? संपला विषय.”

इथे मी काकांच्या बाजूचा आहे. ४० हजार ही गाडी विकली तर हातात येणारी रक्कम झाली. तेवढ्यात जिचं दुखणं-खुपणं आपल्याला तोंडपाठ आहे अशी दुसरी गाडी बाजारात मिळत नाही. सहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण साडेबारा हजारांचा हप्ता बसतो, म्हणजे ४५ हजार हे जेमतेम साडेतीन-चार हप्ते. गाडी त्यानंतर दोन वर्षं मुकाट चालणार असेल तर सौदा वाईट नाही. विमा कंपन्यांनी अपघाताच्या गाड्यांपुरता हा प्रश्न सोडवून टाकलाय: दुरुस्ती विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेली की ‘टोटल लॉस’. त्यांना दुसऱ्या दिवशी मंडईत जायचं नसतं.

पण काकांची बाजू घेणं अवघड आहे, कारण ते लगेच डायरी काढतात. त्या डायरीत २००३ पासूनचं लिटर न् लिटर पेट्रोल, प्रत्येक बल्ब आणि नाना पेठेतून घासाघीस करून आणलेला प्रत्येक बुश नोंदलेला आहे. “तीन वर्षांत बासष्ट हजार घातलेत हिच्यात. आता सोडू?” असं ते विचारतात, आणि माझं इतका वेळ चाललेलं वकीलपत्र तिथेच फाटतं. गेले ते पैसे गेले. हे काकांना बँकेत नोकरी करूनही पटलेलं नाही. तिथे ते कर्जवसुलीला होते, त्यामुळे बुडालेला पैसा ही कल्पनाच त्यांना मान्य नाही. मुलाने “बाबा, मी पैसे देतो, नवी घ्या,” असा फोन केला होता. काका दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत.

गॅरेजवाला मात्र शहाणा निघाला. त्याने चारही प्लग काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. काका प्रत्येक आकडा डायरीत लिहून घेत होते. चारही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले, म्हणजे रिंगा शाबूत; जायचं होतं ते सीलवरच गेलं होतं. “९ हजारांत बसवतो,” तो म्हणाला. काकांनी सीएंच्या मजल्याकडे एकदा वर बघून घेतलं.

मग गॅरेजवाल्याने ड्रायव्हरच्या सीटखालचं मॅट उचलायला हात घातला. काका इतक्या चपळाईने पुढे आले की त्यांचे गुडघे दुखतात यावर माझा विश्वास उडाला. “तिथे काही नाही,” ते म्हणाले. त्या मॅटवर दुसरं मॅट आहे, त्यावर जुनी वर्तमानपत्रं, आणि त्यावर चपला काढून बसायचा नियम.

काम झालं. खोललंच आहे तर टायमिंग बेल्ट टाकू, बेल्ट काढलाच आहे तर वॉटर पंप टाकू, असं करत ९ हजारांचे १७ झाले, आणि डायरीत पान उलटलं. धूर थांबला. इंजिनचा आवाज कमी झाल्यामुळे पुढच्या सस्पेन्शनची खडखड मात्र स्वच्छ ऐकू यायला लागली. लोअर आर्मचं काम आहे म्हणे. ते झाल्यावर काका गाडी काढणार आहेत.

तेव्हा वाचकांपैकी कोणाला झेन घ्यायची असेल तर जरूर या. रविवारी सकाळी काका खालीच असतात. चहा मिळेल, डायरी बघायला मिळेल, इंजिन खरोखर उत्तम आहे. फक्त काका डायरी आणायला वर गेले की तेवढ्यात दोन्ही मॅट उचला आणि पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टणक लागला तर चाळीस हजार बेलाशक द्या. आत गेला तर चहा पिऊन निघा. इंजिन पुन्हा नवं करता येतं, सडलेला पत्रा नाही.